नायिकेला दिलेल्या सूचना

प्रेमात विश्वास कशाला म्हणतात ते मला विचारा. अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचे मराठी संवाद मी लिहितो. आजवर चाळीस नायिकांना मी नायकाची वाट पाहायला लावलंय. कुणी पुलावर, कुणी बाकावर, एक तर नऊ वर्षं छत्री धरून उभी! एकीनेही "कुठे मेला होतास?" असं विचारलं नाही.

यातल्या निम्म्या जणींना जी आवाज देते, ती मला आवडते. तिलाही मी आवडतो, असा माझा अंदाज होता. रविवारी चार वाजता तिच्या घरी जाऊन वडिलांशी लग्नाचं बोलायचं ठरलं. दोन वाजताच मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार! मग म्हटलं, पाच मिनिटं पाठ टेकू.

फोनने जाग आली.

"तू आला नाहीस, तरी माझ्या मनात शंका नाही," तिचा आवाज. "तू माझ्यासाठीच कुठेतरी झुंजत असशील."

माझंच वाक्य! सोमवारच्या रेकॉर्डिंगची तालीम करतेय बिचारी, असं वाटून मला भरून आलं.

"छान. 'झुंजत' जरा लांबव," मी डोळे मिटूनच म्हणालो.

"झुंजतच असशील ना?" या वेळी दातओठ खाऊन.

"राग नको गं. या नायिकेला राग येतच नाही."

"मी आयुष्यभर वाट पाहीन."

"हुंदका मस्त. फक्त त्याआधी थोडी शांतता घे."

तिने घेतली. बरीच घेतली. मग कुणीतरी खाकरलं.

"मी तिचे वडील बोलतोय. फोन स्पीकरवर आहे. साडेपाच वाजलेत."

मी धावत सुटलो. दारात ती हाताची घडी घालून उभी होती.

"तुझा विश्वास हाच माझा श्वास..." मी धापा टाकत सुरुवात केली.

"हा कितवा भाग?"

"एकोणिसावा," मी कबूल केलं.

"आता तुझ्या मनातलं बोल. नाहीतर आल्या पावली परत जा."

चाळीस जणींच्या तोंडी शब्द घालणारा मी, पण माझ्या तोंडून एक फुटेना. ही गेली तर माझं कसं होणार, एवढंच डोक्यात होतं, आणि नेमकं तेच सांगता येईना. शेवटी वडिलांनाच दया आली.

"चहा घेणार?"

"हो," मी ताबडतोब म्हणालो.

"हे मनापासून आलं," ती म्हणाली.

लग्नाला ती अजून हो म्हणालेली नाही. पण तिने केलेल्या चहात साखर होती. सध्या माझं त्यावरच चाललंय.