पन्नास गुणांची भरती-ओहोटी

शिकवणं ही कला की शास्त्र, याचा निकाल अजून लागलेला नाही. मात्र ते पन्नास गुणांचं आहे, याबद्दल दुमत नाही.

रत्नागिरीतल्या एका अध्यापक महाविद्यालयात हे पन्नास गुण बेचाळीस रकान्यांत वाटून दिलेले आहेत. हेतुकथनाला दोन, फलकलेखनाला चार, स्मितहास्याला एक (आवश्यक तेवढंच). पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या रसिका नाटेकरचा शेवटचा सराव पाठ राहिला होता. त्यात पंचवीस मिळाले नाहीत तर वर्ष वाया. तिच्या वडिलांनी, म्हणजे मिरकरवाड्याच्या एका मच्छीमार होडीचं सुकाणू सांभाळणाऱ्या तांडेलांनी, आधीच बजावलं होतं, "वर्ष गेला तर मावशीकडे सुकट निवडायला बसायचा."

सराव पाठांसाठी महाविद्यालयाला जवळच्या शाळेतला सातवीचा वर्ग नेमून दिलेला आहे. गेल्या तीन महिन्यांत या वर्गाला भरती-ओहोटी अकरा वेळा शिकवली गेली. (खरी भरती-ओहोटी शाळेच्या मागेच दिवसातून दोनदा होते. तिला कोणी गुण देत नाही.) त्यामुळे वर्ग चांगला तयार झाला आहे. प्रस्तावनेचा दुसरा प्रश्न पुरा व्हायच्या आत पहिल्या बाकावरचा सोहम "भरती-ओहोटी!" म्हणून मोकळा होतो, आणि नवख्या बाई अडखळल्याच तर हळूच सांगतो, "बाई, आता तक्ता टांगायचा." मुलं मोठी मायाळू. आजवर त्यांनी एकाही बाईंना नापास होऊ दिलेलं नाही.

रसिकाचा पाठ सुरू झाला. मागच्या बाकावर प्रमोद सर निरीक्षणाचा कागद घेऊन बसले. अनुभव बावीस वर्षांचा. वर्गाकडे न बघता निरीक्षण करण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही. सतराव्या मिनिटापर्यंत सगळं टाचणाबरहुकूम चाललं. अठराव्या मिनिटाला सलोनीने हात वर केला.

"बाई, पण अष्टमीच्या भांगाला पाणी पुरता उतरत का नाय? आजी खडकावर कालवं काढायला जाते ती रिकामीच येते."

(भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमजोर भरती-ओहोटी.) अकरा पाठांत हे कोणी विचारलं नव्हतं. सोहमने कपाळाला हात लावला. "गप बस गो! बाईंचे गुण जातील."

टाचणात या जागी 'विद्यार्थी उत्सुकतेने प्रश्न विचारतील' असं लिहिलेलं होतं. विचारलाच तर काय करायचं, ते लिहिलेलं नव्हतं. रसिकाने टाचण मिटलं. (ही पहिली चूक.) वर्गाला घेऊन ती पटांगणात गेली. (ही दुसरी. पटांगणाला रकाना नाही.) तिथे तिने सोहमला सूर्य केलं, ऋत्विकला चंद्र, सलोनीला पृथ्वी, आणि तास संपेपर्यंत सगळ्यांना नाचवलं. शेवटी पृथ्वी जागच्या जागी उड्या मारत ओरडली, "कळला! बाई, कळला!"

कागद घेऊन मागोमाग आलेल्या सरांच्या तोंडूनही "अस्सं होय!" निघून गेलं. मग त्यांनी कागद पाहिला आणि त्यांना फार वाईट वाटलं. 'समजलं' असा रकानाच नव्हता. त्यांनी पाठपोट दोनदा शोधला. फलकलेखन अर्धवट, मूल्यमापन शून्य, गृहपाठ शून्य. बेरीज एकोणीस.

"पोरी, मलासुद्धा आज पहिल्यांदा कळलं," सर खरोखरच गहिवरून म्हणाले. "पण हे लिहू कुठे? उद्या पुन्हा पाठ दे. या वेळी नीट दे."

रसिका घरी जाऊन रडली. वडिलांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पाठ नीट दिला. तक्ता वेळेवर टांगला, एका गुणाचं हसली, आणि अठराव्या मिनिटाला विचारलं, "कोणाला काही शंका?"

सलोनीच्या डोक्यात रात्रीपासून एक नवी शंका घोळत होती. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंवर तिचा जीव जडला होता. तिने आपला उजवा हात डाव्या हाताने बाकाखाली घट्ट धरून ठेवला.

"नाय बाई," वर्ग एका सुरात म्हणाला.

पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. अहवालात नोंद झाली: अध्ययन निष्पत्ती शंभर टक्के, शंका शून्य.

रसिका आता शिक्षिका होईल, कदाचित तुमच्याच मुलांची. काळजी नसावी. तिला सगळं नीट येतं. आणि हो, भांगाला पाणी पुरतं का उतरत नाही, हे या मजकुरात कुठेही सांगितलेलं नाही. तुम्ही इथपर्यंत निमूट वाचत आलात. शाबास. तुम्हालाही अठ्ठेचाळीस.