सातव्या लेव्हलचा वाघ

विदर्भात गुप्तहेर फार थोडे झाले आणि जे झाले ते गुप्तच राहिले. मी मात्र अख्ख्या सिंदेवाहीला माहीत असलेला गुप्तहेर आहे. नाव वामनराव बोरकुटे. जंगल खात्यात अठ्ठावीस वर्षं कारकून, आता निवृत्त. नजर घारीची (चष्मा लावल्यावर), डोकं थंड, आणि वाघांबद्दल म्हणाल तर माझ्या हाताखालून जितके वाघ गेले तितके तालुक्यात कुणाच्याही गेले नसतील. प्रत्यक्ष वाघ पाहण्याचा योग तेवढा आला नाही, कारण ते टेबलापर्यंत येत नसत.

माझी पहिली केस शेजारच्या हरवलेल्या कोंबडीची. दोन दिवस तपास करून मी तीन संशयितांची यादी केली. कोंबडी आमच्याच न्हाणीमागे अंड्यांवर बसलेली माझ्या बायकोला, कमळाला, सापडली. पण यादी उत्तम झाली होती, हे नाकारता येत नाही.

दुसरी केस अयूबची, सन दोन हजार एकमधली.

बसस्टँडसमोर अयूबचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्या वर्षी त्याने नागपूरहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. अर्ध्या तासाच्या हिशोबाने कुणीही येऊन खेळावं. कॅसेट होती 'मंगू मुंगूस' या कार्टूनची. हे कार्टून दर रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचं आणि त्याचा शेवट सिंदेवाहीत कुणी पाहिलेला नव्हता, कारण गोष्टीत वाघ आला की वीज जायची. वीज बनते चंद्रपुरात आणि जाते आमच्याकडे, अशी जिल्ह्यात कामाची वाटणी आहे.

गेममध्ये मंगू फांद्यांवरून उड्या मारतो, विंचू चुकवतो, सहा लेव्हल पार करतो आणि सातव्या लेव्हलला घराच्या दारात येतो. दारात वाघ. मंगू उडी मारतो, वाघ त्याला खातो. मंगू दगड मारतो, वाघ दुप्पट मोठा होतो आणि मग खातो. मंगूला घरी पोचवील त्याला टेबल फॅन, असं अयूबने जाहीर केलं होतं. दोन महिने झाले तरी पंखा खोक्यातच होता.

सगळ्यात जास्त वेळा खाल्ला गेलेला माणूस म्हणजे मेडिकलवाला अतुल. वय तीस, दोन लेकरांचा बाप. हा गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी जुलाबाचं औषध देऊन धावत खेळायला यायचा. शेवटी त्याने गावभर सांगितलं की अयूबने कॅसेटमध्ये गडबड केली आहे, आणि ज्याची कॅसेट खोटी त्याची दुरुस्तीही खोटी. लोकांनी लगेच मान डोलावली. पंधरा वर्षं ज्याच्या हाती घरातला टीव्ही उघडून दिला, त्याच्याकडून लोक आपापले रेडिओ उचलून नेऊ लागले. गाळा अतुलच्या वडिलांच्या मालकीचा. त्यांनी निरोप धाडला: येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत मंगू घरी पोचतो हे खरं करून दाखव, नाही तर गाळा खाली कर.

अयूब माझ्याकडे आला. "भाऊ, पंधरा साल झाले मले इथी. कोनाचा एक स्क्रू घरी नेला नाई मी. तुमी काईतरी करा."

"हे काय करतीन?" आतून कमळा म्हणाली. "यायले आपल्या चपला सापडत नाई."

"चपलांची केस निराळी आहे," मी म्हणालो आणि अनवाणीच निघालो.

माझा पहिला निष्कर्ष असा: व्होल्टेज वाढलं की वाघाच्या अंगात बळ येतं. मी घरचा स्टॅबिलायझर डोक्यावर घेऊन गेलो. तो लावल्यावर वाघ अगदी स्थिरपणे, दर खेपेला एकाच जागी, मंगूला खाऊ लागला. आता कुठे खाईल, याची वाट पाहण्याचाही त्रास उरला नाही.

मग मी खात्याची शास्त्रीय पद्धत काढली. आमच्याकडे वाघाच्या पावलाचा माग काचेवर गिरवून घेतात. इथे काच आयतीच होती. मी टीव्हीवर पातळ कागद चिकटवला, पेन्सिलीने पंजा गिरवला, पट्टीने मोजला आणि जाहीर केलं की ही मादी असून बछडी जवळच असावीत. पुढचे दोन दिवस अतुल वाघाऐवजी बछडी शोधत मेला.

तिसरा निष्कर्ष मला सगळ्यात जड गेला, कारण तो अयूबच्याच विरोधात होता. बाकाखाली एक लपवलेली वायर दिसली. वाघ नक्की तिच्यातून हाकला जातो, असं म्हणून मी ती खेचली. शेजारच्या सलूनमध्ये अंधार झाला आणि अर्धी दाढी झालेला एक गृहस्थ ओरडत बाहेर आला.

"भाऊ," अयूब हळूच म्हणाला, "तुमी माह्याकडून आहा ना?"

या प्रश्नाने मी खरंच खजील झालो. पण गुप्तहेराने तसं दाखवायचं नसतं, म्हणून मी वायरची लांबी वहीत लिहून घेतली.

बाजाराचा दिवस उजाडला. दुकानासमोर गर्दी, पुढे अतुल, बाजूला खुर्चीत त्याचे वडील. फळीवर आता एकच रेडिओ उरला होता. तो न्यायला जंगलातल्या गावाहून बुधरीबाई आली होती. चारोळी विकून झालेली, टोपली रिकामी. ती बाकावर बसून गेम पाहू लागली. अतुल तीनदा सातव्या लेव्हलला पोचला आणि तीनदा खाल्ला गेला.

"पळते काऊन तो?" बुधरीबाईने विचारलं.

"समोर वाघ आहे बाई," मी समजावलं. "वाघ हा प्राणी फार..."

"मालूम हाय. मोहा येचताना दोनदा भेटला मले."

"मग काय केलं तुम्ही?"

"उभी राह्यली चूप. तो गेला, मंग मी गेली."

चौथ्या खेपेला वाघ आला तसा तिने अतुलच्या हातातून रिमोट काढला आणि आपल्या टोपलीत ठेवून दिला. अतुलची बोटं रिकाम्या हवेत दाबत राहिली. वाघ पुढे आला, त्याने मंगूला हुंगलं, डरकाळी फोडली आणि तो वळून झुडपात निघून गेला. दार उघडलं. मंगू घरी गेला आणि पडदाभर फुलं उधळली. अर्ध्या तासाचे पैसे मोजून दोन महिन्यांत कुणाला उगी उभं राहायचं सुचलं नव्हतं.

अयूबने पंखा आणून तिच्यापुढे ठेवला.

"आमच्या गावात लाइनीची तार नाई," ती म्हणाली. "रेडिओचे सेल दे दोन."

"पाहा," अतुल उसळला. "पंखाही नको म्हणते. यानंच शिकवून आनली बाई."

"यानं कायले? गावात वाघाचा कागद लागून हाय, जंगल हापिसचा. नातीन वाचून दाखवते."

"कोनी पाह्यला तो कागद?"

कुणीच पाहिला नव्हता. तिच्या गावाला त्या गर्दीतलं कुणी कधी गेलेलंच नव्हतं. लोक पुन्हा अयूबकडे पाहू लागले, आणि अतुलचे वडील खुर्चीतून उठले.

इकडे माझी बोटं धोतरावर आपोआप हलत होती. वाघ दिसल्यास पळू नये, पाठ फिरवू नये, स्थिर उभे राहावे. मजकूर बोटांना पाठ होता. तोंड उघडलं तर माझी गुप्तहेरी आज संपणार होती. नाही उघडलं तर अयूबचा गाळा.

"तो कागद खरा आहे," मी म्हणालो. "मीच टाइप केला. दर उन्हाळ्यात, अठ्ठावीस वर्षं, पाच प्रती, कार्बन लावून."

"मंग दोन महिने आमी मरून राह्यलो," अतुल म्हणाला, "तं सांगतलं काऊन नाई?"

"टाइप केला होता," मी म्हणालो. "वाचला नव्हता."

बाजार असा हसला की स्टँडवरची बस थांबून राहिली. अतुलचे वडील डोळे पुसत म्हणाले, "राहू दे रे अयूब गाळा तुह्याजवळच." अतुललाही हसू आवरेना. फक्त अयूब हसला नाही. त्याने आपलं स्टूल माझ्यामागे सरकवलं.

"बसा भाऊ," तो म्हणाला. "तुमी माह्याकडूनच आहा."