मार्झाक गावची जाण्याची पाटी

सासऱ्यांच्या थडग्यावर पहिल्या स्मृतिदिनी शेवंतीच्या कुंडीबरोबर आणखी काहीतरी ठेवावं, असं फिर्मँ पेतीच्या मनात आलं आणि त्याचे ग्रह फिरले.

सतरा वर्षं झाली, तरी सासूबाईंच्या लेखी तो पाहुणाच होता. सासरचं आडनाव मार्झाक. त्या आडनावाचा एक बिशप होऊन गेला, एक सेनापती, एक सायकलपटू, आणि गावाचं नावही मार्झाकच. पेती म्हणजे फ्रेंचमध्ये चक्क 'लहान'. सासूबाई म्हणत, "जावईबापू, तुमच्या नावाचं एखादं गाव दाखवा, मी चालत येते." आता सासरे गेले. त्यांना मुलगा नव्हता, एकुलती मुलगी लग्नानंतर पेती झाली, म्हणजे सासूबाईंमागे नावही संपणार. त्या हल्ली जेवायलाही कंटाळत, आणि फिर्मँच्या ते मनाला लागलं होतं.

वेशीवरच्या जुन्या पाट्या बदलल्याचं कळताच त्यांतली एक थडग्यासाठी मागायला तो नगरपालिकेच्या गोदामात गेला. कारकुनाने विचारलं, "मार्झाकची ना? येण्याची हवी की जाण्याची?"

फिर्मँने टोपी काढली. "जाण्याचीच म्हणायची. गेल्या नोव्हेंबरात गेले."

"फार वाईट झालं," म्हणत कारकुनाने कागदात गुंडाळलेली पाटी दिली. (ती आधी उघडून बघणं फिर्मँला अपशकुनी वाटलं. एरवी तो बिस्किटाचा पुडाही घरापर्यंत न फोडता आणत नाही.)

स्मृतिदिनी सगळं गाव दफनभूमीत जमलं. पाद्रीबाबांची प्रार्थना झाल्यावर फिर्मँने कागद काढला. पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'मार्झाक', आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी तिरकी रेघ. गाव संपलं, हे गाडीवाल्यांना सांगणारी.

"अरे, नाव खोडलेलं आणलंस," बायको सोलांज कुजबुजली. पाद्रीबाबा खोकले.

"आई, मी रंग लावून झाकतो ती रेघ," फिर्मँ म्हणाला.

सासूबाईंनी वाकून शेवंतीची कुंडी जरा बाजूला सरकवली, रेघ नीट दिसावी म्हणून. उठताना त्यांनी सतरा वर्षांत पहिल्यांदा जावयाचा हात धरला.

"राहू द्या. रेघ खरीच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या मुलीशी लग्न करून तुम्हीच नाही का ओढलीत?"