मंगळवारचा शनिवार

स्वीडनमधल्या वेस्तेरोस शहरात एका मंगळवारी छोट्या तूवाचा कान दुखू लागला आणि तिथल्या समाजाची घडी विस्कटण्याचा प्रसंग ओढवला.

डॉक्टरीणबाईंनी दिलेलं पातळ औषध इतकं कडू, की पहिला चमचा तूवाने थेट तिच्या बापाच्या, याल्मारच्या, चष्म्यावर परत पाठवला.

"मग वर थोडा खाऊ द्या की!" बाई फोनवर म्हणाल्या.

याल्मारला घाम फुटला. तिथे पोरांना खाऊ मिळतो तो फक्त शनिवारी. एरवी देणारा बाप समाजातून उठतो.

"अरे, आजच शनिवार म्हण," त्याची बायको इल्वा कुजबुजली. "पोर तापलंय."

"राणी, आज शनिवार आहे हं!" याल्मार तूवाला म्हणाला.

"मग तू ऑफिसला का चाललास? आपण शनिवारी कपडे धुतो ना?" तूवाने विचारलं.

हरकत रास्त होती. याल्मारने बूट काढले आणि कपड्यांचं बोचकं घेऊन तो इमारतीच्या सामाईक धुणीघरात उतरला. तिथे सोसायटीच्या अध्यक्षा गुनवोरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"मंगळवार माझा. तुमची पाळी शनिवारी!"

"आमच्याकडे आज शनिवारच आहे."

"एका घरात शनिवार आणि दुसऱ्यात मंगळवार? ही कुठली समानता?"

तातडीची सभा बसली. निर्णय होईपर्यंत खाऊला स्थगिती. कॉफीच्या किटल्या रिकाम्या झाल्या आणि एकमताने इमारतीत शनिवार लागू झाला. शेजारची इमारत म्हणाली, "आम्ही काय सावत्र?" दुपारी नगरपालिकेने सबंध शहरालाच शनिवार बहाल केला. भली भली माणसं खाऊच्या पिशव्या भरू लागली. याल्मार पोहोचेपर्यंत दुकानांत नुसत्या रिकाम्या बरण्या.

दुसरा चमचाही चष्म्यावर आला. ताप चढला. इल्वाने दवाखान्याला फोन लावला.

"आज शनिवार असल्याने दवाखाना बंद आहे," ध्वनिमुद्रित आवाज गोड म्हणाला.

"याल्मार, फ्रिजमध्ये जॅम आहे! औषधावर तोच चाटव तिला."

याल्मार पांढराफटक पडला. "अगं, तो फक्त गुरुवारच्या धिरड्यांवर चालतो!"

आणि तो सभा बोलवायला गुनवोरबाईंकडे धावला.

हसा, मंडळी, पोटभर हसा. फक्त आज कोणता वार, आणि त्या वारी तुमच्या घरी काय चालत नाही, तेवढं आधी आठवून घ्या.