रबर डब्यात टाका

दोंडाईच्याच्या आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला रबर नेणं हा गुन्हा होता. चित्रकलेचे मास्तर धनराज नाना बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन पहिलीच्या दारात उभे राहायचे. "टाका रे बठ्ठा रबर!" पोरं खिसे उलटे करून सगळी रबरं डब्यात टाकायची. घंटा झाली की ज्याचं त्याला परत. चित्र चुकलं म्हणून कुणी मुसमुसलं, की नानांचा एकच मंत्र, "खोडू नको बेटा, पुढे चाल."

पहिलीची वर्गशिक्षिका मी. म्हणजे रंग सांडलेली फरशी माझी आणि तक्रारीही माझ्याच! नानांचे रंग म्हणजे नीळ, गेरू आणि हळद. कुंचला म्हणजे चावलेली निंबाची काडी. एकदा एक आई तणतणत आली, "बाई, पोरनी जीभ निळी व्हई गई ना!" मी नानांना फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "पण त्याची म्हैस पाहिली का तुम्ही?" म्हैस हिरवीगार होती. कपाळ माझं!

नाना एकटे होते. स्टेशनमागे एक खोली, दोन वेळा खानावळ. मोठ्या वर्गांना पट्टी धरून परीक्षेची चित्रं शिकवताना त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. पहिलीत पाऊल टाकलं की खुलायचे.

अशात तपासणी आली. हेडमास्तरांनी नानांना बजावलं, "भिंतीवर प्रत्येक पोराचा आंबा दिसला पाहिजे. नाहीतर पहिली तुमच्याकडून काढून घेतो." नाना तडक माझ्याकडे आले. "बाई, पहिली गेली तर मी करू काय?"

मला हेडमास्तरांचा इतका राग आला, की मीच म्हटलं, "नाना, काढा हो तो मेला आंबा!"

त्यांनी फळ्यावर एका रेषेत आंबा काढला. इतका हुबेहूब, की चोखावासा वाटला. पोरांनी बघून काढला. पण कुणाचा आंबा निळा, कुणाच्या आंब्याला खिडकी. शबानाच्या आंब्याला तर दोन पाय. हेडमास्तर ओरडले, "आंब्याला पाय कशाला?"

"एकटाच खाली पडला तर घरी कसा जाईल?" शबाना म्हणाली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्मा वर करून भिंत बघितली. "आंबे आहेत ना? छान." सही केली आणि चहा मागितला. पहिली वाचली. मी आनंदाने त्या दिवशी फरशी स्वतः पुसली.

शाळा सुटल्यावर बादली ठेवायला वर्गात गेले, तर नाना तरटावर मांडी घालून बसलेले. समोर कागद, हातात डब्यातलं कुणाचं तरी राहून गेलेलं रबर. आंबा काढत होते, खोडत होते. मला बघून ओशाळले. "माझ्या गुरुजींनी बोटांवर छड्या मारून मारून शिकवला होता हा आंबा. दुसरा येतच नाही, बाई. या पोरांसारखा एक तरी यावा की नाही?"

मी बादली खाली ठेवली. तेवढ्यात विसरलेली वॉटरबॅग घ्यायला शबाना आली. तिने कागद पाहिला, रबर पाहिलं. नानांच्या हातातून रबर घेतलं आणि टण्णकन डब्यात टाकलं.

"खोडू नका नाना, पुढे चला."

नानांनी डोळे पुसले, काडी निळीत बुडवली आणि आंब्याला दोन पाय काढले. पाय वाकडे आले. त्यांनी ते तसेच राहू दिले.