सात वडिलांची मंडळी

बापूसाहेब अर्जनवीसांनी जुळवलेलं एक तरी लग्न मोडलं असेल, तर उभ्या अहमदपुरात कुणीही दाखवून द्यावं! एकोणचाळीस लग्नं जुळवली होती त्यांनी. तहसीलीसमोर बसून लोकांच्या अर्ज-दरख्वास्ती ते झोकात उर्दूतून लिहीत आणि लिहिता लिहिता एखादी सोयरीकही उरकून टाकत. "निजामाचं फर्मान एखादवेळी फिरेल, माझा शब्द फिरायचा नाही!" असं ते छाती ठोकून सांगत. अर्थात आसपास पोलीस नाही ना, हे आधी बघून.

चाळिसावं लग्न शेजारच्या नीलाबाईंच्या प्रमोदिनीचं. नीलाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स, प्रमोदिनी शाळेत मास्तरीण. पोरीचं मन बसलं होतं लातूरच्या अमोस कंपाउंडरवर. दोघंही ख्रिस्ती, दोघांचा देव एक, शास्त्र एक. घोडं अडलं होतं पाण्यात! अहमदपूरचे ख्रिस्ती बाप्तिस्मा देताना धडधाकट माणसाला तळ्यात पुरतं बुडवून काढत. लातूरचे पाळण्यातल्या पोराच्या कपाळावर चार थेंब शिंपडून मोकळे होत. बुडवे म्हणत, चार थेंबांत पाप भिजतसुद्धा नाही. शिंपडे म्हणत, बुडी मारून स्वर्ग मिळाला असता तर म्हशी आधी पोचल्या असत्या.

"पोरगा आमच्यात यायला राजी असंल तरच लगीन," नीलाबाईंनी सांगून टाकलं. "आमचं माणूस गेलं तर भांडण व्हईल. तुमी तिऱ्हाईत. तुमीच इचारून या, बापूसाहेब."

बापूसाहेबांनी शेरवानी चढवली आणि लातूरची मोटार धरली. आता एक बारीकशी गोष्ट. ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या समाजाला 'मंडळी' म्हणतात, तिच्या पंचांना 'वडील' म्हणतात आणि धर्मगुरूला 'पाळक'. हे बापूसाहेबांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या लेखी मंडळी म्हणजे घरची बायको. स्वतःच्या चतुराबाईंना ते चारचौघांत 'आमची मंडळी'च म्हणत.

"तर मग, राजी आहेस ना?" त्यांनी लातूरच्या दवाखान्यात अमोसला विचारलं.

"हाव की!" अमोस औषधाची बाटली हलवत म्हणाला. "प्रमोदिनीसाठी मी माझी मंडळी सोडायला तयार हाय!"

बापूसाहेब स्टुलावरून घसरता घसरता वाचले. "तुला मंडळी आहे?"

"जन्मापासून! मी पाळण्यात होतो तवाच उरकलं घरच्यांनी."

पाळण्यातलं लग्न! बापूसाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "मग वय काय असेल मंडळीचं?"

"झाली की साठ वर्सांची! पन मी रोज न्हाई जात तिच्याकडं. रविवारीच."

"अरे, तिच्या वडिलांना काय वाटेल?"

"सात वडील हायत. पाच राजी, दोगं रुसून बसलेत."

"सात?"

"आन् पाळक तर रडलाच बगा! तरनी पोरं सोडून गेल्यावर मंडळीनं कुनाकडं बगावं, म्हनला."

बापूसाहेबांनी पुढं ऐकलंच नाही. परतीच्या मोटारीत त्यांना भडभडून आलं. प्रमोदिनी त्यांच्या अंगणात रांगोळी काढायला यायची, 'काका' म्हणायची. ती पोर सात बापांच्या म्हाताऱ्या सवतीवर द्यायची? शब्द गेला तरी चालेल, पण पोरीचं वाटोळं होऊ द्यायचं नाही! त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सोयरीक मोडण्यासाठी थाप मारली. "नीलाबाई, मुलगा राजी नाही. साफ नाही म्हणाला."

नीलाबाईंनी उसासा सोडला. प्रमोदिनीने रडून रडून डोळे सुजवले आणि पुढच्या रविवारी पहाटे ती कुणाला न सांगता घरातून निघाली.

संध्याकाळी ती थेट बापूसाहेबांच्या दारात उभी राहिली. "काका, त्यांना त्यांची मंडळी सुटत न्हाई ना? मग मीच त्यांच्या मंडळीत गेले!"

"सवतीकडे?" बापूसाहेब किंचाळले.

"कसली सवत? पन्नास बाया होत्या, काका! सगळ्यांनी पोटाशी धरलं मला."

पन्नास! बापूसाहेबांनी खांब धरला. तेवढ्यात चतुराबाई पदर तोंडाशी धरून बाहेर आल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अवो, मंडळी म्हंजे त्यांचं चर्च! साऱ्या आळीला ठावं हाय. तुमाला उर्दू येती, मराठी कधी शिकनार?"

तोच नीलाबाई धावत आल्या, त्यांच्यामागे घोंगडीत गुंडाळलेला, कुडकुडणारा, नखशिखान्त ओला अमोस!

"ब-बापूसाहेब, सोडली मंडळी! तुमाला श-शब्द दिला होता न्हवं? आत्ताच तळ्यात ब-बुडालो!"

म्हणजे सकाळी दोघांच्या मोटारी चाकूरला एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. ही तिकडं शिंपडून घेऊन आली, तो इकडं बुडून बसला. घोडं जिथल्या तिथं!

पण दोन्ही पाळक खूश. दोघांनीही आपापल्या गोऱ्या साहेबाला पत्र धाडलं, की समोरच्यांचा एक आत्मा आम्ही जिंकला. आपला एक आत्मा गेला, हे लिहायचं दोघंही विसरले. एवढ्या आनंदात लग्नाला नाही कोण म्हणणार? पंधरवड्यात बार उडाला. खुलासा मात्र कुणी केला नाही, की पोरं झाली तर बुडवायची की शिंपडायची.

मांडवात बापूसाहेब चाळिसाव्या लग्नाच्या तोऱ्यात फिरत होते. लातूरचे पाळक नव्यानेच भेटले. त्यांनी आदराने विचारलं, "आपली मंडळी कोणती?"

पुन्हा फसायला बापूसाहेब काही खुळे नव्हते! ते मोठ्याने, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "छे छे! मला मंडळी नाही. आमच्यात नसतेच!"

मागं जिलबीचं ताट घेऊन चतुराबाई उभ्या होत्या.

ती जिलबी पाळकांना मिळाली. बापूसाहेबांना पुढचे आठ दिवस घरी कोरडी भाकरीसुद्धा कुणी वाढली नाही. शेवटी त्यांनी एक लांबलचक माफीची दरख्वास्त लिहिली. मराठीत!