गॅरेजमध्ये गार, घरी गरम

"इंजिन म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! रविवारपर्यंत गाडी बर्फासारखी गार करून दाखवतो, नाहीतर नाव बदला माझं!"

टर्बोरावांनी जेवताना ही गर्जना केली तेव्हा कुणीही दचकलं नाही. एक तर नाव आधीच बदललेलं होतं. टर्बो इंजिनची जुनी गाडी घेतल्यापासून हा माणूस पेपर टाकायला येणाऱ्यालासुद्धा थांबवून टर्बो म्हणजे काय ते समजावायचा, म्हणून गल्लीने त्यांचं टर्बोराव करून टाकलं होतं. आणि दुसरं म्हणजे असल्या गर्जना घर दर महिन्याला ऐकत होतं.

दचकायची पाळी टर्बोरावांवरच आली. बायको भाजी वाढता वाढता म्हणाली, "ठीक आहे. रविवारी माझा भाऊ येतोय. त्याला बसवून बाजारातून एक चक्कर मारा. तापमानाचा काटा लाल पट्टीवर गेला, तर गाडी त्याला देऊन टाकायची."

"देऊन टाकायची? माझी गाडी?"

"मागच्या आठवड्यात गाडी तापून बंद पडली आणि भर चौकात मला उतरवून धक्का मारायला लावलात! ऑफिसच्या कपड्यांत! मागे सगळे हॉर्न बडवतायत, आणि तुम्ही खिडकीतून डोकं काढून काय म्हणालात? 'अजून जोर लाव!'"

टर्बोरावांनी घाईघाईने आमटीची वाटी पुढे केली. टर्बोरावांचे वडील, अप्पा, ताटात मान घालून जेवत राहिले.

आता स्पष्टच सांगतो. चार व्हिडिओ बघून स्वतःला इंजिनिअर समजणारी जी जमात आहे, तिच्या हाती पाना देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. टर्बोराव तर त्या जमातीचे म्होरके. मोकळ्या रस्त्यावर गाडी हरणासारखी पळायची, काटा मधोमध. गर्दीत अडकली की बॉनेटमधून वाफा! टर्बोरावांचं निदान तयार होतं. "थर्मोस्टॅट! पाण्याची वाट अडवून बसलाय!"

जुना काढला, नवा बसवला, छाती फुगवून चक्कर मारली. गाडी पुन्हा उकळली. घरासमोर आल्या आल्या या महाभागांनी काय करावं? रेडिएटरचं झाकण उघडलं! गरम असताना! त्यावर ठळक अक्षरांत 'उघडू नका' लिहिलेलं असताना!

फस्सकन हिरवं कारंजं पहिल्या मजल्यापर्यंत उडालं. टर्बोराव उडी मारून कुंड्यांत पडले म्हणून वाचले. शेजारच्या काकूंची दोरीवरची पांढरी चादर मात्र पोपटासारखी झाली.

"अहो, ही काय तऱ्हा!" काकू ओरडल्या.

"काकू, कूलंट आहे ते. चांगल्या प्रतीचं आहे!"

शेवटी गाडी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री म्हणजे हातापेक्षा तोंडाने जास्त दुरुस्ती करणारा गडी. "पंप गेलाय साहेब! मी आवाजावरून ओळखतो!" पंप बदलला. गॅरेजमध्ये तासभर इंजिन चालू ठेवलं. काटा जागचा हलला नाही. टर्बोरावांनी मिस्त्रीला मिठीच मारायची बाकी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या वाटेवर सिग्नलला गाडी उभी राहिली आणि वाफ!

पुन्हा गॅरेज. गार! पुन्हा घर. सकाळी गरम!

"साहेब," मिस्त्री कुजबुजला, "राग मानू नका, पण तुमच्या घरातच काहीतरी आहे."

"काय आहे?"

"ते मला काय माहीत! मी गाड्या बघतो, घरं नाही बघत. पंख्याचा प्लग तेवढा दर वेळी निघालेला असतो, तो मी दाबून बसवतो. बाकी गाडी ठणठणीत आहे!"

पंख्याचा प्लग निघालेला असतो! आणि हे रत्न ते सांगतंय कधी? शनिवारी संध्याकाळी! रेडिएटरला वारा घालणारा पंखाच बंद, म्हणजे गर्दीत गाडी उकळणार नाही तर काय होईल? बरं, प्लगला काय पाय फुटतात?

टर्बोरावांनी गाडी आणून घरासमोर लावली, नेहमीप्रमाणे लॉक न करताच किल्ली खुंटीला अडकवली आणि खिडकीशी दबा धरला. खाली इंजिन बंद, पण पंखा घर्र घर्र चालूच. तो तसाच चालतो. टर्बो तापलेला असतो, तो निवेपर्यंत पंखा फिरतो आणि मग आपला आपण थांबतो.

एवढ्यात बॉनेट वर गेलं! आत कुणीतरी वाकलेलं!

"चोर! चोर!" टर्बोराव अनवाणी पायऱ्या उतरले आणि मागून त्या माणसाला कमरेला मिठी घातली.

"अरे मेल्या, सोड! हाड मोडेल माझं!"

अप्पा! एका हातात चटका लागू नये म्हणून स्वयंपाकघरातलं फडकं, दुसऱ्या हातात पंख्याचा प्लग!

"अप्पा... तुम्ही? दर वेळी?"

"मग कोण? तुला काही आहे का त्याचं? गाडी बंद, माणूस उतरला, किल्ली घरात, आणि पंखा गरगर फिरतोय! घरातसुद्धा तुझं हेच. खोलीत कुत्रं नसतं आणि पंखा चालू!"

"अप्पा, तो आपोआप बंद होतो!"

"अख्खा जन्म मी या घरातले पंखे बंद करतोय. आपोआप बंद झालेला एकही बघितला नाही!"

"पण बॉनेट उघडायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

"तूच! सकाळ-संध्याकाळ व्याख्यान झोडतोस की!"

टर्बोराव मटकन फुटपाथवर बसले. थर्मोस्टॅट, पंप, काकूंची चादर, चौकातला तमाशा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी एकेक करून सांगितलं, तसा अप्पांचा चेहरा पहिल्यांदाच पडला.

"सूनबाईने धक्का मारला तो... माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे!"

अप्पांनी इकडेतिकडे बघितलं. "तिला सांगू नकोस हं. माझा चहा बंद करेल ती. शपथ घे."

बाप तो बाप. टर्बोरावांनी शपथ घेतली आणि प्लग स्वतःच्या हाताने बसवला.

रविवारी बाजारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मेहुणा पुढे, बायको आणि अप्पा मागे. एसी चालू. गाडी अडकली. काटा चढायला लागला. टर्बोरावांना दरदरून घाम. मेहुणा काट्याकडे असा बघत होता, जसं मांजर दुधाच्या पातेल्याकडे. मग घर्र! पंखा लागला. काटा थबकला, मागे आला आणि मधोमध बसून राहिला. अर्धा तास!

"दाजी, जमवलंत की!" मेहुणा रडवेल्या आवाजात म्हणाला.

"म्हटलं नव्हतं? डाव्या हातचा मळ!"

"बरं, ठेवा तुमची गाडी," बायको म्हणाली. अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

सोमवारी टर्बोराव शीळ घालत खुंटीकडे गेले. किल्ली नव्हती. खाली धावले, तर स्टिअरिंगवर बायको आणि शेजारच्या सीटवर अप्पा!

"अगं, माझी गाडी!"

"तापत होती तोवर म्हटलं राहू दे तुमच्याकडे. आता नीट झालीय, मी नेते. अप्पांनाही दवाखान्यात सोडते."

"आणि मी?"

"बस आहे की!"

बसमध्ये एका पायावर उभे असताना टर्बोरावांचा फोन वाजला.

"अहो, चौकातच अडकलेय केव्हाची. पण काटा हलत नाही! इतकी गुणी गाडी! खरं सांगू? त्या गाडीत काही बिघाड नव्हताच. तुम्हालाच चालवता येत नव्हती."

टर्बोरावांनी तोंड उघडलं. शपथ आठवली. तोंड मिटलं.

एवढ्यात फोनमधून पलीकडून अप्पांचा खणखणीत आवाज आला, "मी पहिल्यापासून हेच सांगतोय, सूनबाई!"